मंद उल्का

२०७१ साली आकाशातून रोज काही ना काही पडत असे. शंभर वर्षांत साचलेलं उपग्रहांचं भंगार वातावरणात शिरून पेट घेई. ते आणि खऱ्या उल्का वेगळ्या ओळखण्यासाठी डोंगरांवर उल्काचौक्या उभारल्या होत्या. सातपुड्यातली चौकी डॉ. शर्वाणी देवकुळे सांभाळत.

एके दुपारी सगुणा उईके चौकीवर आल्या. त्यांचे यजमान मोतीराम कक्षेत सफाईकामगार होते. यान फुटल्यावर ते सुटकाकुपीतून निसटले, पण कुपीचा रेडिओ बंद पडला होता.

"मॅडम, तुमच्यामुळे निदान देह तरी हाती लागला," सगुणा म्हणाल्या. "कुपी पडतानाचा तो फोटो बघायचाय."

शर्वाणींनी पडद्यावर फोटो लावला. काळ्या आकाशात तुटक पांढरी रेघ होती.

"अशी तुटकी का?"

"कॅमेऱ्यापुढे पंखा फिरतो, सगुणाताई. तो सेकंदाला वीस वेळा उजेड अडवतो. तुकडे मोजले की रेघ किती वेळ पेटली होती ते कळतं. शेजारच्या चौकीच्या फोटोवरून लांबी मिळते, त्यावरून वेग. खरी उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरच्या खाली कधी नसते. कक्षेतून पडलेली वस्तू आठच्या आतच."

"आणि यांचा?"

"अकरा पॉइंट सात आला."

इतकी मंद उल्का विरळाच. तरी शर्वाणींनी 'नैसर्गिक' असा शेरा मारला आणि शोधपथक सातपुडा सोडून समुद्राकडे वळलं. खरं तर मोटर जड झाली होती. पंखा वीसऐवजी तेराच वेळा उजेड अडवत होता. तुकडे कमी पडले, म्हणून वेळ कमी वाटला आणि वेग वाढला. खरा वेग होता सात पॉइंट सहा. सोमवारची मोटरतपासणी न करताच त्यांनी सही केली होती.

"मोटर बिघडली होती, असं अहवालात वाचलं," सगुणा म्हणाल्या. "यंत्र आहे, बिघडणारच. तुम्हाला कळलं तसं तुम्ही लगेच पथकाला फोन केलात."

शर्वाणींनी पडदा बंद केला. अहवालात बिघाड कळल्याची वेळ त्यांनीच लिहिली होती.

"लगेच नाही केला. मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पुन्हा मोजू, खात्री करू, असं म्हणत राहिले. खात्री तर झालीच होती. त्या सहीची भीती वाटत होती."

सगुणांनी पिशवी मांडीवर ओढली.

"किती वाजता कळलं?"

"सकाळी सव्वानऊला."

सगुणांनी पिशवीतून फोन काढला. कुपीतल्या रेकॉर्डरवर मोतीराम दर तासाला बोलून ठेवत होते. ते सगळं पथकाने सगुणांकडे दिलं होतं. त्यांनी यादीतून त्या दिवशीचं साडेनऊचं बोलणं लावलं. धाप लागलेला, पण शांत आवाज आला: "पाय अडकलाय. पाणी आहे अजून. दमानं या, मी थांबतो."



"याच्यापुढे अजून नऊ आहेत," सगुणा म्हणाल्या. त्यांनी फोन टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला. "मी एकटीनं ऐकलीत. आता तुम्ही बसा."

शर्वाणी बसल्या. सगुणांनी साडेदहाचं लावलं.