पुढच्या खोलीचं माप

घर विकायचं तर ते आधी कुणाचंच नसल्यासारखं दिसावं लागतं, हे धाकटीला दलालानं सांगितलं. "फोटो उतरवा, कपाटावरचे स्टिकर खरवडा, आणि राग मानू नका ताई, पण औषधांचा वास घालवा. येणाऱ्याला तिथं स्वतःचा सोफा दिसला पाहिजे. तुमची आई नाही."

धाकटीनं राग मानला नाही. सेहेचाळीस वर्षांची होती, कानाशी केस पांढरे झाले होते, तरी घरात ती धाकटीच. आणि आता तसं म्हणणारा एक दादाच उरला होता, तोही फोनवर. सोमवारी सकाळी तिनं ओढणी कमरेला खोचली, बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. ओट्यामागचं तेलकट किटण. नळाच्या बुडाशी धरलेला पांढरा क्षार. काचांवरचे माशांचे ठिपके, ते ओल्या वर्तमानपत्रानं पुसले की जातात. दुपारपर्यंत बोटांची टोकं सुरकुतली आणि स्वयंपाकघर परक्याचं दिसायला लागलं. तिला बरं वाटलं.

पुढची खोली तिनं मुद्दाम मागे ठेवली होती.

त्या खोलीत आईनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आई जाऊन चार महिने झाले होते. मशीन गेल्या आठवड्यात एका शिवणवर्गाला देऊन टाकलं होतं. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार गोल डाग तेवढे उरले. डाग आणि टाचण्या. फरशीच्या सांध्यांत टाचण्या, उंबऱ्याच्या फटीत टाचण्या, खिडकीच्या चौकटीत टाचण्या. आईनं त्यासाठी एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ती ते खोलीभर फिरवायची, कुत्र्याला फिरवावं तसं. धाकटीनं तेच काढलं, कोपरा न् कोपरा फिरवलं. लोणच्याची एक बरणी काठोकाठ भरली.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"झालं का गं?"

"होतंय."

"रविवारी दहाला येतायत ते नवरा-बायको. एकदा शेवटचं बघणार आणि ठरवणार. नाही आवडलं तर माझ्यापाशी दुसरं गिऱ्हाईक नाही हो, शेंडेफळ. मग तूच राहा अजून वर्षभर. रिकामं घर टाकून कुणी गाव सोडतं का?"

"मी सोडते."

"तिकडची नोकरी काय पळून चाललीय?"

"हो," धाकटी म्हणाली. "पळूनच चाललीय. एक तारखेला."

दूरच्या गावात, मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाई म्हणून बोलावणं होतं. स्वतःची एक खोली, खिडकीसकट. असं बोलावणं तिला वीस वर्षांपूर्वीही आलं होतं. तेव्हा आईनं प्रवासासाठी नवा ड्रेस शिवायला घेतला, धाकटीला तिपाईवर उभं केलं आणि चारी बाजूंनी टाचण्या लावल्या. "हलू नकोस, टोचेल," आई म्हणाली. धाकटी हलली नाही. मग दादाचं लग्न निघालं, मग आईचे गुडघे गेले, मग डोळे गेले, मग उरलेली आई गेली. तिपाईवरून उतर असं मधे कुणी म्हणालंच नाही.

आईचा एक नेम होता. अंगावरच्या कपड्याला टाचणी लावायची, टाका घालायचा नाही. "अंगावर शिवलं की धाग्यात माणूसही शिवला जातो," म्हणायची. शिवताना गुणगुणायचीही:

सुई गं चालते, धागा मागं मागं येतो,
लेक गं चालते, जीव मागं मागं जातो.

आणि शेवटी, हाताशी कात्री असली तरी, धागा दातानंच तोडायची. टक्. तो आवाज झाला की काम संपलं.

मंगळवारी रंगारी आला. बुटका, बोलका माणूस. कानावर पेन्सिल, खिशात काचपेपर. त्यानं दिवसभरात खिळ्यांची भोकं बुजवली, भिंतींना पुट्टी ओढली आणि वाळायला सोडून गेला. बुधवारी सकाळी दार उघडून आत गेला तो तिथूनच ओरडला.

"ताई, खुणा करायच्या होत्या तर मला सांगायचं. पेन्सिल आहे ना माझ्याकडे. फुकट."

"कसल्या खुणा?"

डाव्या भिंतीत, कोपऱ्यापासून चार बोटं आत, फरशीपासून छतापर्यंत टाचण्यांची एक ओळ उभी होती. दोन टाचण्यांमध्ये एकेक वीत. कुठे तसूभर इकडेतिकडे नाही. सगळ्या तिरक्या, सगळ्यांची डोकी डावीकडे.

आई डावखुरी होती. पण हे धाकटी रंगाऱ्याला बोलली नाही. "रात्री ओल्यात चिकटल्या असतील," असं काहीतरी ती म्हणाली. छताजवळच्या टाचण्या कुठून येऊन चिकटल्या, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिनं त्याच्या शिडीवर चढून एकेक उपटली, बरणीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

गुरुवारी तिच्या समोरच्या, उजव्या भिंतीत तशीच ओळ निघाली. बरणीचं झाकण घट्टच होतं. आतल्या टाचण्या मात्र काठाखाली गेल्या होत्या.

त्याच दिवशी तिनं पडद्याची दांडी धुऊन पुसून परत लावायला घेतली. दोन भिंतींमधली लोखंडी दांडी. तीस वर्षं तिथंच होती. ती बसेना. आठ बोटं जास्त होत होती.

"धुतल्यावर वाढली की काय?" रंगारी हसला. "माझ्या बायकोनं धुतलेले स्वेटर आटतात, तुमच्याकडे लोखंड वाढतं."

धाकटीनं आईची टेप आणली. त्या टेपचं पहिलं इंच झिजून तुटलं होतं, म्हणून घरात सगळे एकापासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे. दादा ते हमखास विसरायचा. त्यापायी त्याची लग्नातली विजार सुद्धा तोकडी झाली होती. धाकटीला वाटलं, आपणही विसरलो. तिनं पुन्हा मोजलं. एक वजा केलं. मग रंगाऱ्याची पोलादी टेप घेतली आणि त्यालाच दुसरं टोक धरायला लावलं.

"अकरा फूट चार," तो म्हणाला.

"बारा आहे. कागदावर बारा आहे."

"कागदाचं काय ताई, कागदावर माझी उंची पण पाच-सहा आहे."

ती हसली. दांडी तिनं कोपऱ्यात उभी करून ठेवली.

शुक्रवारी दहा फूट नऊ. टाचण्या दोन्ही भिंतींना, आणि फरशीवर एक निळी रेघ. शिंप्याच्या खडूची, सरळ, खिडकीपासून दारापर्यंत. धाकटीनं ती ओल्या फडक्यानं पुसली. पाणी निळं झालं. ते मोरीत ओतताना ती मोठ्यानं म्हणाली, "मापं घे नाहीतर काही कर. मी रविवारी जाणार म्हणजे जाणार." मोरी गुळगुळली. एवढंच.

शनिवारी रंगाऱ्याचा घोडा उघडेना. दुपाखी शिडीला तो घोडा म्हणायचा. परवा याच जागी त्यानं ती पाय फाकवून उभी केली होती. आज, एका रात्रीत भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की दोन्ही पाय त्यांना टेकले आणि तरी शिडी अर्धवटच राहिली. त्यानं दोनदा करून पाहिलं. मग शिडी मिटली आणि खांद्यावर घेतली.

"रंग झालाय ताई तसा," दारात जाऊन तो म्हणाला. "कोपरे तेवढे राहिलेत. पुट्टीचा डबा ठेवून जातो." आणि जिन्यावरून म्हणाला, "तुम्हीही त्या खोलीत फार थांबू नका."

रविवारी ती सहाला उठली. पेटी आधीच भरून ठेवली होती; अंगावर आईनं शेवटचा शिवलेला निळा ड्रेस चढवला. एकची बस होती. आठ वाजता ती कोपरे करायला पुढच्या खोलीत शिरली, ती आडवी होऊन. दार तेवढंच उरलं होतं.

आत ऊन होतं. खिडकी एखाद्या काजासारखी उभी आणि अरुंद झाली होती. नव्या रंगाचा वास येत होता आणि त्याखाली खडूचा, मशीनच्या तेलाचा. दोन्ही भिंतींवर टाचण्यांच्या ओळी चकाकत होत्या. ती खोलीच्या मध्यावर, जिथं पूर्वी तिपाई असायची तिथं पोहोचली आणि तिची दोन्ही कोपरं एकदम भिंतींना टेकली.

टाचण्या टोचत नव्हत्या. टेकल्या होत्या फक्त.

तिनं श्वास घेतला. तेवढ्यानं त्या टोचल्या. तिनं श्वास सोडला. मागे सरल्या नाहीत.

धाकटी उभी राहिली. तिला हे उभं राहणं पाठ होतं. हात अंगापासून जरा दूर, मान सरळ, नजर समोर. वीस वर्षांत ती यात पारंगत झाली होती. दहाला ते येतील, बेल वाजवतील, वाट बघून जातील. दादा म्हणेल, बघ बाई.

उजव्या खांद्यावर काहीतरी गार टेकलं. बोटाच्या टोकाएवढं. आई शिवताना बोटात घालायची त्या अंगुस्तानासारखं.

"आई," ती म्हणाली, "मी हलणार आहे."

खांद्यावरचं गार टोक तसंच होतं.

"टोचलं तर टोचू दे."

आणि ती हलली.

दोन्ही दंडांवर पाच-सहा ठिकाणी रक्त आलं. ती ओरडली नाही. खिडकीच्या चौकटीत आईची काड्यापेटी होती, ती तिनं फेकली नव्हती. आत लाकडाच्या चिपेत बसवलेलं अर्धं ब्लेड. आई त्यानंच शिवण उसवायची. धाकटीनं ते घेतलं, कोपऱ्याशी जाऊन टाचण्यांच्या ओळीवर टेकवलं आणि हात पोहोचेल तिथपासून खाली ओढलं.

पुट्टी सुटली. आत टाके होते.

बारीक, एकसारखे, पांढऱ्या धाग्याचे.

ते एकेक तुटत गेले. तिनं डावी भिंत उसवली, मग उजवी. घाम डोळ्यांत गेला. फरशीवर टाचण्यांचा पाऊस पडला. "मी पण तुझीच लेक आहे," ती दातओठ खात म्हणत होती, "मला पण उसवता येतं." आणि घट्ट बसलेला कपडा काखेत सुटावा, तशी खोली कसलाही आवाज न करता सुटली. ऊन पसरत पसरत चारही गोल डागांवर आलं.

तिनं लोहचुंबक फिरवलं. कोपरे बुजवले. हात धुतले. बाह्या खाली ओढल्या.

दहाला बेल वाजली.

"केवढा उजेड!" बायको दारातूनच म्हणाली.

"कोपऱ्यांना हात लावू नका, ओले आहेत," धाकटी म्हणाली.

नवऱ्याकडे लाल ठिपक्याचं मोजायचं यंत्र होतं. त्यानं ठिपका भिंतीवर टाकला, आकडा वाचला, पुन्हा टाकला. "बारा फूट चार इंच. कागदावर बारा आहेत ना?"

"कमी भरलं असतं तर भांडला असतात," बायको म्हणाली. "जास्त भरलंय तर गप बसा की."

"आई आतून नेहमी थोडं जास्तीचं ठेवायची," धाकटी म्हणाली. ते दोघं हसले. त्यांना वाटलं, चेष्टा आहे.

घर आवडलं. तिनं दादाला फोनवर एवढंच सांगितलं, "आवडलं. किल्ली शेजारी आहे. मी निघाले." तो काही म्हणायच्या आत तिनं फोन ठेवला. टाचण्यांची बरणी तिनं चौकातल्या कचराकुंडीत टाकली. काड्यापेटी मात्र पर्समध्ये राहिली.

बसमध्ये उजवा खांदा मधूनमधून ओढल्यासारखा होत होता. पर्सच्या पट्ट्यानं असेल, असं म्हणून तिनं पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

वसतिगृहाच्या खोलीत पोहोचली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. एक खाट, एक टेबल, पांढऱ्या भिंती. तिनं पावलाला पाऊल लावून मोजली: बारा लांब, दहा रुंद. पुन्हा मोजली. तेवढीच. ती खाटेवर बसली आणि मोठ्यानं हसली.

मग ड्रेस बदलायला उठली. तो उजव्या खांद्यावर सुटेना.

तिनं आरशात पाहिलं. शिवणीवर एक नवा टाका होता. एकच, पांढरा, नीटस, तिरका, डाव्या हाताचा. ड्रेसमधून गेलेला आणि खाली खांद्यामधूनही गेलेला. दुखत नव्हता. त्यातून निघालेला धागा पाठीवरून खाली उतरला होता, फरशीवरून दाराकडे गेला होता आणि दाराखालच्या फटीतून बाहेर.

तिनं दार उघडलं. धागा व्हरांड्यातून, जिन्यावरून, फाटकातून रस्त्याला लागला होता. ज्या रस्त्यानं ती आली, त्याच. कुठेही सैल नव्हता. उन्हात दिसेल न दिसेल असा, पण ताणलेला.

धाकटी परत आत आली. तिनं काड्यापेटी उघडली, अर्धं ब्लेड घेतलं, धागा डाव्या मुठीत धरला.

"आता मी तोडते," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

ब्लेड धाग्याला लागायला बोटभर अंतर होतं, तेव्हा तो आवाज आला. फार लांबून, आणि कानाशीच.

टक्.

धागा मुठीत सैल पडला. तिनं ओढला. एवढ्या लांबचा धागा. पण हातात आला जेमतेम वीतभर.

त्याचं टोक ओलं होतं.