शून्यासुराचा गळा

राक्षस मेला होता, पण त्याचं बोलणं काही संपत नव्हतं.

तात्या चेंदवणकर बाण लागताच रीतसर गिरकी घेऊन आडवे झाले होते. डोळे मिटलेले, हात पसरलेले, अगदी चाळीस वर्षं मरत आले तसेच. आणि त्यांच्या गळ्यातून त्यांचाच भरदार आवाज मांडवभर घुमत होता, "मूर्ख मानवा! जिथं तू बाण मारलास तिथं माझं हृदयच नाही. माझी नौका चंद्राआड उभी आहे. बोल, आता काय करशील?"

तालमीला जमलेली माणसं आधी चपापली, मग पोट धरून हसली. पडल्या पडल्या तात्यांनी एक डोळा उघडला आणि तो पुन्हा मिटून घेतला.

खरं तर दशावतारात तालीम नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. राक्षसानं अडवायचं, राजानं तोडायचं, असं चालतं. ही दुपारची तालीम यंत्रासाठी होती. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत तात्यांचं स्वरयंत्र गेलं आणि पंचक्रोशीतला सगळ्यांत गाजलेला राक्षस पाटीवर लिहून चहा मागू लागला. मग यामिनी खोतनं कंठयंत्र केलं. कुडाळात वाढलेली, ध्वनितंत्र शिकून परतलेली ही मुलगी लहानपणी तात्यांचा हिरण्यकश्यपू बघून आईच्या पदरात लपायची. तिनं त्यांच्या प्रयोगांच्या जुन्या कॅसेटी गोळा करून यंत्राला ऐकवल्या. गळ्याभोवतीची ती पट्टी समोरच्या नटाचं बोलणं ऐके आणि तात्यांच्या आवाजात, तात्यांच्या तोऱ्यात, स्वतः उत्तर रची. तात्या नुसते ओठ हलवत आणि अंगानं राक्षस होत. प्रयोग नसला की पट्टी पेटीत आणि पाटी हातात.

कंपनीचे मालक बाबल मेस्त्री यांनी जिल्हा महोत्सवासाठी नवं आख्यान बसवलं होतं. दूरच्या ताऱ्यावरून शून्यासुर येतो, आपले समुद्र प्यायला. राजा सागरसेन त्याला हरवतो. कसा हरवतो, ते ठरवायचं राहिलं होतं, कारण आजवर तसं ठरवायची कधी गरज पडली नव्हती.

"तात्यानु, तुमी पडलास, पण आवाज पडूक नाय," सागरसेनाचं काम करणारा दिगू घाडी घाम पुसत म्हणाला. "मी काय काय नाय केलंय? म्हटलंय, तुका ना दिवसा मारतलंय, ना राती. तर म्हणता, माझ्या आकाशात दोन सूर्य आसत, रात माका म्हायतच नाय!"

"त्या आवाजानं सगळ्या वरांमधल्या पळवाटा कॅसेटींत ऐकल्या आहेत," यामिनी म्हणाली. "उंबरठ्यावर मारलं, नखांनी मारलं, स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावला. सगळ्या बुजवून बसलाय."

"मगे बंद कर त्येका," बाबल म्हणाले. "बाण लागलो काय बटन दाब."

तात्या उठून बसले. त्यांनी पाटी ओढली आणि खडूचा तुकडा पडेपर्यंत दाबून लिहिलं, 'इतक्या लांबसून इलो आणि बटनान मेलो? लोक हसतले.'

बाबलांनी पान तोंडात टाकलं, पण ते चावायचं विसरले. "तात्या, खरा सांगतंय. महोत्सवात फजिती झाली तर जत्रांचे प्रयोग जातले. मगे माका राक्षस बदलूचो लागतलो. तुमी घराकडे बसा." त्यांना ते बोलताना वाईट वाटत होतं, तरी ते बोलले. तात्यांनी पाटी पुसली.

यामिनी यंत्र घरी घेऊन गेली. एवढा बलाढ्य शत्रू नेमका हरतो कशानं, हा प्रश्न तिला आता नाटकापुरता राहिला नव्हता. परग्रहावरच्या शत्रूंच्या गोष्टी तिनंही ढिगानं वाचल्या होत्या. हजारो वर्षं पुढारलेला तो शत्रू शेवटच्या पानावर सर्दीनं मरतो, नाहीतर एका विजेच्या तारेत अडकतो. लेखकाला घरी जायची घाई झालेली असते, दुसरं काय! पण तात्यांचे राक्षस हरत तेव्हा कुणालाच तसं का वाटलं नव्हतं?

तिनं यंत्राच्या शिकवणीतले शेवट एकामागून एक ऐकले, आणि तिला हसू की रडू कळेना. एकाही शेवटात राक्षस हरत नव्हता. शस्त्र लागलं की तात्या तोंड मिटत. पुढचं मरण सगळं अंगातलं असे, आणि कॅसेटीत उरे फक्त मृदुंग. यंत्राच्या लेखी राक्षस बोलता बोलता जिंकत आलेला आणि मग मृदुंग वाजलेला. पराभव म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याच्या कानावरच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तात्यांच्या पडवीत जाऊन बसली. "तात्या, कधी मरायचं हे तुम्ही कसं ठरवत होता?"

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू जेवण कधी संपवायचं असं तिनं विचारलं असावं. मग लिहिलं, 'समोरचो दमलो काय.'

"म्हणजे?"

'त्येचे शब्द संपतत. श्वासावरसून कळता. त्येच्या आधी मेलंय तर तो खोटो. उशिरा मेलंय तर तो उघडो पडता.'

यामिनीनं कपाळावर हात मारला. आवाज स्वच्छ यावा म्हणून तिनंच कॅसेटींमधले श्वास, धापा आणि मधल्या शांतता कचरा समजून गाळून टाकल्या होत्या. यंत्राला समोरचा माणूस कधी दमलेला ऐकूच आला नव्हता. तिनं तो सगळा कचरा परत घातला, आणि पट्टीला समोरच्याचे श्वासही ऐकू येतील असं केलं. ते पुरेल की नाही, हे तिला सांगता येईना.

महोत्सवाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. शून्यासुर आला तोच दरारा घेऊन. काळा झगा, कपाळावर चांदीचा गोल, आणि तो आवाज. म्हाताऱ्या प्रेक्षकांनी तो ओळखला आणि टाळ्या पडल्या. तात्यांचे डोळे रंगाखाली चमकले.

वाद पेटला. दिगूनं धर्म सांगितला, दया सांगितली, समुद्राकाठच्या लेकरांची नावं घेतली. शून्यासुरानं एकेक मुद्दा सोलून टाकला. "दया? तू मासे खातोस तेव्हा माशांना विचारतोस काय रे?" लोक हसले आणि लगेच अस्वस्थ झाले. विंगेत यामिनीचं बोट बटनावर होतं आणि बाबल देवाचं नाव घेत होते. दिगू तरी बोलत राहिला. मग एक वाक्य अर्धवट सुटलं. त्याला पुढचं सुचेना, आणि ते नाटक नव्हतं. त्याची धाप पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होती.

"ऐक, मानवा..." आवाज चढला. जिंकायला एक वाक्य पुरलं असतं.

तो थांबला. तात्या तोंड उघडं ठेवून वाट पाहत राहिले.

"दमलास?" आवाजानं विचारलं. हळू, आजवर कुठल्याच कॅसेटीत नव्हतं इतक्या हळू. आणि तो गप्प झाला.

तात्यांना कळलं. दिगूनं बाण सोडला आणि त्यांनी आयुष्यातली सगळ्यांत सावकाश गिरकी घेतली. मृदुंग वाजला. टाळ्या आल्या त्या पडदा पडल्यावर.

या कंपनीची एक जुनी रीत आहे. प्रयोगात मेलेल्या राक्षसानं आपणहून उठायचं नाही. ज्यानं मारलं, त्यानंच कानाशी येऊन उठवायचं. दिगू वाकला, पाया पडला आणि म्हणाला, "उठा, तात्यानु." तात्या उठले. बाबलांनी त्यांना घट्ट मिठी मारली आणि ते जत्रांच्या तारखा तिथंच सांगायला लागले. तात्या रडत होते, रंग ओघळत होता.

तेव्हा गळ्यातल्या पट्टीतून आवाज आला. रंगमंचावरची भारदस्त भाषा नव्हती, घरातली होती. ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

"तात्या उठले. मी उठू काय?"

बाबलांची मिठी सुटली. यामिनीचा हात बटनाकडे गेला, तोच तात्यांनी तिचं मनगट धरलं. पाटी समोर होती, पण त्या आवाजाला वाचता कुठं येत होतं? तात्यांचे ओठ हलले. त्यांच्याकडे उत्तर द्यायला एकच आवाज उरला होता, आणि तो आवाज त्यांच्याच उत्तराची वाट पाहत होता.

"सांगा," तो म्हणाला. "उठू काय?"