बर्फाबादची कुडकुडी

"राजाला यंदा सर्दी करायची का?" सत्यमनं विचारलं.

"आधी वही सापडू दे, मग राजाचं बघू," चैताली म्हणाली. तिनं लोखंडी पेटीतलं सगळं सामान जमिनीवर ओतलं होतं आणि ती आता पेटीत डोकं घालून बसली होती.

मे महिना होता. चौसाळ्यात सकाळी दहालाच घरावरचे पत्रे तडतडायला लागत. अशा उन्हाळ्यात चैताली, तिचा आतेभाऊ सत्यम आणि शेजारची करिष्मा यांनी बर्फाचा एक देश तयार केला होता. देशाचं नाव बर्फाबाद. त्याचे नकाशे, त्याचा राजा, तिथले सण, सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होतं. लिहायची चैताली, चित्रं काढायची करिष्मा, आणि सत्यम नुसत्या शंका काढायचा.

वहीतली सगळ्यांची आवडती गोष्ट म्हणजे कुडकुडी. बर्फाबादात पांढऱ्या अस्वलाच्या पावलाच्या ठशात ही वनस्पती उगवायची. वारा नसला तरी थरथरायची, म्हणून कुडकुडी. तिची पानं मोज्यात घातली की पाय गरम राहायचे. मूळ चघळलं की वाटसरूला तीन दिवस भूक लागायची नाही. तिथं इतकी थंडी असायची की बोललेले शब्द हवेतच गोठायचे. मग कुडकुडीचा धूर द्यायचा, की शब्द वितळून ऐकू यायचे. आणि ती मुळापासून शेंड्यापर्यंत निळी होती, कारण चित्र काढताना करिष्माकडे निळा खडू तेवढा उरला होता.

चैतालीचे कारभारीकाका गुडघ्यावर हात ठेवत आत आले. "कशाचा पसारा हाय हा?"

"निळ्या पुठ्ठ्याची वही शोधतोय, काका."

"जुन्या वह्या? त्या मागच्या आठवड्यात भंगारात दिल्या की. परीक्षा झाली न्हवं तुमची?"

चैतालीनं पेटीचं झाकण आपटलं. तिचा चेहरा पाहून करिष्मानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "चल, भंगारवाल्याकडं जाऊ. असंल अजून."

भंगाराचं दुकान हायवेला होतं. वाटेत बसस्टँडजवळ गर्दी जमली होती आणि भोंग्यातून आवाज येत होता.

"जिथं सहा महिने रात्र असते, जिथं बोललेला शब्द हवेत गोठतो, त्या मुलखातून आणलेली ही कुडकुडी! पांढऱ्या अस्वलाच्या पावलात उगवणारी कुडकुडी!"

तिघंही जागच्या जागी थांबली.

गर्दीतून वाट काढत ती पुढं गेली. ताडपत्रीच्या सावलीत एक माणूस बसला होता. त्या उन्हात त्यानं लोकरीची कानटोपी घातली होती आणि घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. मागच्या फलकावर 'वैद्य आप्पाराव' असं लिहिलं होतं. समोर निळ्या मुळ्यांच्या जुड्या रचल्या होत्या.

"गुडघे, दमा, शुगर, तिन्हीवर एकच इलाज," आप्पाराव सांगत होते. "बाकी सगळ्या गोळ्या बंद करायच्या. कुडकुडीला दुसरं औषध चालत न्हाई."

"आपण तर असं लिहिलंच न्हवतं," सत्यम पुटपुटला. "गुडघ्याचं तर नावच न्हवतं."

"आणि बोटं बघ त्याची," करिष्मा म्हणाली. आप्पारावांची बोटं नखांपर्यंत निळी होती. कपड्यांना देतात त्या निळीचा रंग तिनं लगेच ओळखला. तिची आई गावात इस्त्रीचं दुकान चालवायची.

तेवढ्यात चैतालीला रांगेत मंजुळामावशी दिसल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. पोरांची उलटी भाषा त्यांना पोरांइतकीच यायची. कुणी ताट पुढं करून "डीचखि" म्हटलं, की त्या डाव उचलून "ढूवा?" म्हणजे "वाढू?" असं विचारायच्या. आज मात्र त्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"मावशी, तुमी कशाला आलाय?"

"शुगरसाठी गं. चार दिवस झाले, गोळ्या बंद करून हेच घेते. जरा चक्कर येते, पण वैद्य म्हणतेत, गुण यायच्या आधी असंच होतं."

"मावशी, कुडकुडी खोटी हाय. ती आमी तयार केली. वहीत."

मंजुळामावशी हसल्या. "तुमी तयार केली आणि ती त्या वैद्याला मिळाली होय? नाव ऐकलं असंल कुठंतरी." आणि त्या रांगेत पुढं सरकल्या.

तीन दिवस भूक लागू न देणारं मूळ चैतालीनंच लिहिलं होतं, मागच्या ओट्यावर बसून, हसत हसत. आता त्याच शब्दांवर विश्वास ठेवून मावशी गोळ्या घेत नव्हत्या.

"रडू नको," सत्यम म्हणाला. "आधी सिस्टरकडं."

मंजुषा सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांनी तिघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि तडक मंजुळामावशींचं घर गाठलं. मावशी नुकत्याच रांगेतून परतल्या होत्या. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासलं. साखर खूप वाढली होती.

"मावशी, आत्ताच्या आत्ता गोळी घ्या. माझ्यासमोर."

"ताई, तुमच्या शब्दाखातर आजची घेते," मंजुळामावशी म्हणाल्या. "पण उद्यापासून वैद्य सांगतील तसं. त्यांनी लई लोकांना बरं केलंय."

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मी पोलिसांना कळवते. पण लोकांचा विश्वास आधी उडाला पाहिजे. नाहीतर उद्या हा शेजारच्या गावात ताडपत्री बांधेल आणि आपले लोक तिथंही जातील."

मुलं तिथून भंगाराच्या दुकानात गेली. दुकान पप्पूशेठचं होतं. ते रिकाम्या बाटल्या पोत्यात भरत होते.

"निळ्या पुठ्ठ्याची वही? ती तर कानटोपीवाला घेऊन गेला. हितंच बसून वाचली त्यानं, अर्धा तास. जाताना म्हणाला, दुसरा भाग आला तर माझ्यासाठी ठेवा." पप्पूशेठनी तिघांकडं नीट पाहिलं. "कावून? काय झालं?"

मुलांनी सगळं सांगितलं. पप्पूशेठनी हातातली बाटली खाली ठेवली. "आयला. आणि मी त्याला वर चहा पाजला."

"शेठ," चैताली सावकाश म्हणाली, "दुसरा भाग आला तर द्याल त्याला?"

त्या दुपारी मागच्या ओट्यावर तिघंजण एका नव्या वहीवर वाकून बसली. चैतालीला पहिल्यांदाच लिहिताना भीती वाटत होती. दोनदा तिनं पान फाडलं.

"असं काहीतरी पाहिजे, की तो स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर बोलंल," ती म्हणाली.

"त्याला काय पाहिजे ते बघ की," सत्यम म्हणाला. "मघाशी एक म्हातारा भांडत होता. पाच दिवस खाल्लं, गुडघा तसाच हाय म्हणून. आप्पारावाला उत्तर देता येईना."

"मग आपण देऊ उत्तर," चैताली म्हणाली आणि लिहायला लागली. *बर्फाबादात कुडकुडी खाण्याआधी एक मंत्र म्हणतात. मंत्र मोठ्यानं तीनदा म्हटला नाही, तर गुण येत नाही.*

"आणि मंत्र?" करिष्मानं विचारलं.

चैतालीनं मंत्र लिहिला. सत्यमनं तो वाचला, मग शेवटाकडून उलटा वाचला, आणि ओट्यावर आडवा होऊन हसायला लागला. करिष्मानं भोवती गोठलेल्या नद्या आणि अस्वलं काढली. यावेळीही निळ्याच रंगात. संध्याकाळी वही पप्पूशेठकडे गेली आणि तासाभरात तिथून आप्पारावांकडे.

दुसऱ्या दिवशी ताडपत्रीपुढं आदल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी होती. करिष्मानं गल्लीतली दहाबारा पोरं गोळा करून आणली होती. आप्पारावांनी तिसऱ्यांदा मंत्र म्हटला, की सगळ्यांनी एकदम अर्थ ओरडायचा असं ठरलं होतं. मंजुषा सिस्टर चहाच्या टपरीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चौकीतले हवालदार उत्तरेश्वर. पुढच्याच ओळीत, पदर डोक्यावर घेऊन, मंजुळामावशी. आणि त्यांच्या मागं, पाहून चैताली चकितच झाली, कारभारीकाका. त्यांच्या हातातही निळी जुडी होती.

कालचा म्हातारा पुन्हा पुढं आला. "वैद्य, गुडघा काय म्हणतोय बघा. जसाच्या तसा."

आप्पाराव आज अडखळले नाहीत. "बाबा, मंत्र म्हटला होता का?"

"कसला मंत्र?"

"तिथंच चुकलं. आजवर हा मंत्र मी कुणाला दिला न्हवता. आज देतो. नीट ऐका." त्यांनी डोळे मिटले, भोंगा तोंडाशी धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं:

"हेआ टंखो ळंगस हे."

लोकांनी हात जोडले. एकदोघं पुटपुटायलाही लागली. आप्पारावांना हुरूप आला.

"हेआ टंखो ळंगस हे!"

सत्यमनं तोंडावर हात दाबला होता. चैताली मात्र मंजुळामावशींकडं पाहत होती. मावशींच्या कपाळावर आठी पडली होती. ओठ हलत होते. खिचडीच्या पातेल्यापाशी पोरांचं बोलणं ऐकताना हलायचे, अगदी तसेच.

"थांबा हो जरा," मंजुळामावशी म्हणाल्या. "परत म्हणा."

"म्हणतो की, मावशी. हेआ टंखो ळंगस हे."

"हे," मंजुळामावशी बोटांवर मोजत म्हणाल्या. "सगळं. खोटं. आहे." त्यांनी मान वर केली. "हे सगळं खोटं आहे म्हणता व्हय तुमी?"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग ओरडायला आणलेली दहाबारा पोरं खिदळायला लागली. "उलटी भाषा हाय ती, उलटी भाषा!" लोक आपापल्या मनाशी अक्षरं फिरवून पाहू लागले. एकानं मोठ्यानं फिरवलं, दुसऱ्यानं खात्री केली, आणि हसू पुढच्या ओळीपासून थेट हायवेपर्यंत पसरत गेलं. आप्पाराव भोंगा हातात धरून तसेच उभे होते. ते स्वतःही अक्षरं फिरवत होते. शेवटच्या अक्षरावर आले तेव्हा त्यांनी कानटोपी काढली.

चैताली पुढं झाली. "ती वही आमची हाय. कुडकुडी कुठंच उगवत न्हाई. आमी ती गोष्टीसाठी तयार केली होती."

करिष्मानं चहाच्या टपरीवरच्या कळशीतलं पाणी एका जुडीवर ओतलं. निळा रंग ओघळून गेला आणि खाली तपकिरी मुळी उरली. कारभारीकाका शेतकरी माणूस. त्यांनी ती उचलून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "गाजरगवत हाय हे. माझ्याच बांधावर ढीगभर उपटून टाकलंय. आणि तेच मी चार दिवस उगाळून पितोय."

हवालदार उत्तरेश्वर आप्पारावांना चौकीत घेऊन गेले. जाताना आप्पारावांनी पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून चैतालीच्या हातात दिली. "पोरी, खोटं न्हाई बोलत," ते म्हणाले, "वाचायला लागलो तेव्हा मला पण घटकाभर गार वाटलं."

ज्यांनी ज्यांनी कुडकुडी खाल्ली होती, त्या सगळ्यांना मंजुषा सिस्टरनी तपासणीला बोलावलं. दुपारपर्यंत दवाखान्याचा व्हरांडा भरला. मंजुळामावशींनी सगळ्यांदेखत गोळी घेतली, वर पेलाभर पाणी संपवलं आणि चैतालीच्या गालावरून हात फिरवला. "काल सांगत होतीस, मी ऐकलं न्हाई. माझंच चुकलं."

"तुम्हीच तर पकडलं त्याला, मावशी," चैताली म्हणाली.

"या तिघांनी वेळेवर सांगितलं नसतं, तर मावशींना आज मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं," सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. कारभारीकाका खाकरले. "चैताली, इथून पुढं तुझ्या एकाही कागदाला मी विचारल्याशिवाय हात लावणार न्हाई," ते म्हणाले, आणि मग हळूच, "वहीत गुडघ्याचं खरंच काही न्हवतं?"

"न्हवतं, काका."

रांग लांब होती आणि पंखा बंद होता. मंजुळामावशींनी बाकावर सरकून जागा केली. "आता नंबर येईपर्यंत वाच ती वही. पहिल्यापासून. त्या माणसानं नुसते तुकडे सांगितले."

चैतालीनं वही उघडली. आधी तिचा आवाज बारीक होता. बर्फाबादचा पहिला डोंगर आला तसा तो मोकळा झाला. म्हातारी माणसं पुढं सरकून ऐकायला लागली. एक बाळ रडायचं थांबलं. अस्वलामागून चाललेला वाटसरू वादळात सापडला, आणि तेवढ्यात सिस्टरनी आतून पुढचं नाव पुकारलं. ज्याचा नंबर होता तो गुडघ्यावाला म्हातारा जागचा हलला नाही.

"दुसऱ्याला घ्या, ताई," तो म्हणाला. "हां पोरी, मग? घावली का त्याला वाट?"