एका माणसाची चौकट

शुक्रवारी कचेरीत वॉफल भाजतात, आणि त्या रांगेत नॉर्वेतल्या या बर्गन शहरातली भली भली माणसं सभ्यता विसरतात. इंगुनच्या पुढचा उंच माणूस मात्र वळला, तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून अदबीनं म्हणाला, "तुमचा तक्ता मी परत पाठवलाय."

तिच्या हातातली बशी कलंडली. हा आवाज! दोन वर्षं दुसऱ्या कचेरीतून, फोनवरून तिचे तक्ते नाकारणारा आणि आता इथं बदलून आलेला हालवर तो हाच. देशातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक गोळीची नोंद सरकारदरबारी असते. नावं झाकून ती इंगुनसारख्या संशोधकांना मिळते, आणि तक्त्यातून कुणी ओळखू तर येत नाही ना, हे हालवर तपासतो. आवाजावरून तिनं टक्कल गृहीत धरलं होतं. केस निघाले. भरपूर.

"आता काय चुकलं?"

"पाचांहून कमी माणसांची चौकट दाखवायची नाही. तुमच्या एका चौकटीत एकच आहे. एका छोट्या बेटावरचा, तिशीतला, सर्दीची आणि पोटाची गोळी एकदम घेणारा."

"असेल कुणी बिचारा."

"बिचारा मीच."

इंगुन थिजली. त्या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या की हृदयाचा ठेका चुकतो, हेच तर ती दोन वर्षं सिद्ध करत होती!

"अरे वेड्या... धडधडतं का तुला?"

"दोन वर्षं. तुझा फोन आला की जास्तच." वॉफलवर तपकिरी चीज ठेवत तो म्हणाला, "मला वाटलं, प्रेम असेल."

वॉफल तिथंच राहिलं. तिनं त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. पोटाची गोळी बदलली. आठवडाभर इंगुन दोनच गोष्टी मागत होती — तो वाचू दे. आणि, संशोधकाला अजिबात न शोभणारी, ती धडधड मात्र थांबू नये.

पुढच्या शुक्रवारी तो रांगेत होता.

"तपासणी झाली. ठेका घड्याळासारखा."

"छान..." तिचा चेहरा पडला. "म्हणजे गोळीच होती."

"मलाही तसंच वाटलं. मग तू दारातून आत आलीस..." त्यानं तिचा तळवा आपल्या छातीवर ठेवला. आत नुसता दंगा चालला होता.

"याला औषध नाही," ती पुटपुटली.

"नकोच. पण एकट्याची चौकट नियमात बसत नाही. शेजारच्या चौकटीत मिसळून टाक."

"मिसळली तरी... दोघंच होतात. पाच लागतात."

"मोजलंय मी," हालवर गंभीरपणे म्हणाला. "तीन कमी पडतायत."

बशी पुन्हा कलंडली. वॉफल भाजणाऱ्या बाई खेकसल्या, "किती देऊ गं? मागे रांग आहे!"

इंगुन लालबुंद झाली होती. पण उत्तर स्पष्ट आलं.

"पाच."