उणे सहा

"आत्या, आय वॉज राइट देअर!" रुचा हुंदके देत म्हणाली, आणि नंदाने मान खाली घातली.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या त्या घराच्या दारात आश्लेषा संतापून उभी होती. तिची सात वर्षांची रुचा स्कूल बसमधून उतरून समोरच उभी होती, आणि तिची आत्या भलत्याच मुलीचा हात धरून घराकडे निघाली होती! त्या मुलीच्या आईने आरडाओरडा केला, शेजारी जमले...

"ताई, स्वतःची भाची ओळखू येत नाही तुम्हाला? की लक्षच नसतं?" आश्लेषा कडाडली.

नंदा आपल्या खोलीत निघून गेली. आई गेल्यावर नववीतून शाळा सोडून धाकट्या भावाला, म्हणजे आश्लेषाच्या नवऱ्याला, राजेशला तिनेच वाढवले होते. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने कुणाला काढूही दिला नव्हता. आपली दृष्टी जाते आहे हे त्याला कळले, तर तो सगळे सोडून आपल्यामागे धावेल... त्यापेक्षा मुकाट्याने नागपूरला परतावे!

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरत असताना आश्लेषा दाराशी आली आणि थबकली. गोळ्यांची प्रत्येक पट्टी नंदा अगदी नाकाजवळ नेऊन वाचत होती.

"ताई... तुम्हाला दिसत नाही?"

"बाबांचे डोळे असेच गेले गं. राजाला सांगू नकोस, तुला माझी शपथ!"

आश्लेषाने शपथ मोडली. राजेशने मीटिंग कॅन्सल केली आणि तिघे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

"आजार काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नंबर आहे, उणे सहा. बहुतेक शाळेत असल्यापासूनचा. असे पुष्कळ लोक येतात माझ्याकडे, बाहेरून आलेले आणि इथे जन्मलेलेही. त्यांना नुसता चष्मा हवा असतो."

ताईला मराठीत सांगता सांगता राजेश थांबला.

"ताई, शाळेत तुला फळा दिसायचा?"

"एवढ्या लांबचं कुणाला दिसतं रे?" नंदा सहज म्हणाली. "बाकीच्या मुली हुशार, त्यांना कळायचं. मी पडले ढ! म्हणून तर शाळा सुटल्याचं वाईट वाटलं नाही."

राजेशला आठवले. घरात सगळेच तिला ढ म्हणत... तोही!

आश्लेषाने वाकून तिचे पाय धरले. "ताई, चुकले मी."

"अगं, तुला तरी कसं कळणार? मलाच कुठे कळलं होतं!"

आठवड्याने चष्मा आला. दुकानातल्या मुलीने तो नंदाच्या नाकावर नीट बसवला. नंदाने समोर उभ्या राजेशकडे पाहिले आणि ती पाहतच राहिली. भावाच्या कानशिलांवर पांढरे केस होते, डोळ्यांखाली सुरकुत्या...

"राजा," ती हळूच म्हणाली, "तू केव्हा रे एवढा मोठा झालास?"