एका सीटचं विमान

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. माझ्या मामाचाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण हे त्याच्याच बाबतीत घडलंय.

१९ फेब्रुवारी १९८७. उत्तर मिनेसोटा, टॅमरॅक तलाव. भर दुपार.

वायनोमामा अख्ख्या जगाला मूर्ख समजायचा. शेजारचा उरहो तर त्याच्या मते मूर्खांचा मुकादम. आधीच्या नोव्हेंबरात, बर्फ पुरता धरायच्या आतच उरहो स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटरगाडी, घेऊन तलावावर गेला.

बर्फ फुटला.

गाडी दुसऱ्या दिवशी काढली. उरहो सापडला चौथ्या दिवशी.

"गाडीला अक्कल जास्त. ती आधी वर आली," मामा म्हणायचा.

त्या गाडीचं इंजिन त्याने उरहोच्या बायकोकडून, सिल्वीकडून मागून आणलं. खोलून वाळवलं. ते फिरतं फार वेगात, विमानाच्या पंख्याला तेवढा वेग सोसत नाही. म्हणून मध्ये पट्टा आणि दोन पुल्या बसवल्या. मग गॅरेजात बांधलेल्या विमानावर चढवलं.

विमान एका सीटचं. पाठीमागे फक्त पेट्रोलची टाकी.

"त्या ठोंब्याच्या हातात इंजिन वायाच गेलं होतं," तो सिल्वीला म्हणाला.

"मेलेल्या माणसाला किती बोलशील, वायनो?"

"त्याला थोडंच ऐकू जातंय."

त्या दुपारी मामाला घेऊन गोठलेल्या तलावावरून विमान उठलं. तीनशे फूट. इंजिन सुरेख चालत होतं.

आणि मग...

मागून कोणीतरी त्याची कंबर धरली.

दोन्ही हातांनी. घट्ट. स्नोमोबाईलवर मागे बसलेला माणूस धरतो तशी.

मामाने खाली पाहिलं. हात दिसेनात. जॅकेट मात्र दोन्ही बाजूंना चुरगळलेलं... आणि ओलं.

कानाशी कोणाचे तरी दात वाजत होते.

मामा घाबरला नाही. चिडला.

"सोड, बावळटा." त्याने मागे कोपर मारलं.

पकड सुटली.

खूप खाली... धप्प.

इंजिनाच्या त्या गोंगाटात ते ऐकू यायला नको होतं.

उतरून त्याने सगळा तलाव पालथा घातला. बर्फावर ना तडा, ना खूण.

इंजिन उतरवून तो सिल्वीकडे घेऊन गेला. घडलं ते सांगितलं. ती रडली नाही.

"ढकललंस त्याला?"

"होता कुठे तो, सिल्वी?"

"शिडीवर चढतानाही पाय लटपटायचे त्याचे. तुला धरून बसला होता." मामा इतरांकडे बघायचा, तशी ती त्याच्याकडे बघत होती. "मग आता कुठे आहे तो?"

 

मी अजून त्याच तलावाकाठी राहते. पलीकडे जायचं असलं की स्नोमोबाईलवर माझ्यामागे लाकडाची मोळी बांधते. लोक हसतात.

मागची जागा मी रिकामी ठेवत नाही.