सहावं वळण

मी छपाईसाठी पुस्तकांची पानं लावते. डोंबिवलीत, राहत्या घरातच. सतरा वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे अक्षरांबद्दल माझ्या मनात काही गूढबिढ नव्हतं. काना किती जाड, मात्रा किती वर, ओळीत किती शब्द बसतात, एवढंच.

फेब्रुवारीत श्रीपाद गोठणकर सरांची कादंबरी आली. सर निवृत्त शिक्षक, राहायला ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे. आठशे चाळीस पानं, बावीस वर्षांचं लिखाण. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. जिथे पाहावं तिथेच मधोमध डाग दिसायचा. छापण्याआधी आपलं पुस्तक एकदा स्वतः वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रकाशक म्हणाले, टाइप, म्हणजे अक्षरांचं वळण, तू निवड, पण सरांना वाचता येईल असा निवड.

एकच पान पाच टाइपांत लावून मी खोपटला गेले. पान सहाशे अकरा. सरांनीच ते मागितलं होतं. त्यात कला नावाची अकरा वर्षांची मुलगी कल्याणच्या खाडीत वाहून चाललेली चप्पल काढायला उतरते आणि बुडते. सरांची सून मेघना हिने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, ही कला म्हणजे त्यांची थोरली बहीण कलावती. साल एकसष्ट. चप्पल सरांची होती, ते तेव्हा आठ वर्षांचे. बहीण सापडलीच नाही.

सरांनी पाचही कागद नाकाशी धरून पाहिले. एकात 'र' आणि 'व' शेजारी आले की 'ख' वाटे, दुसऱ्यात जोडाक्षरं चिकटत होती, तिसऱ्यातला 'ल' हिंदी वळणाचा, तो त्यांनी बाजूलाच सारला. शेवटी कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "राहू दे. तू तरी किती करशील."

ते मला लागलं. कल्याणचा राजरत्न टाइप बनवतो, त्याला फोन केला. त्याचे आजोबा धोंडीबा छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे वेचून ओळी जुळवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा खिळ्यांची एक पेटी त्यांनी घरी आणली. राजरत्नने त्यांचे ठसे घेऊन संगणकासाठी टाइप बनवला होता, अजून कुणाला दिला नव्हता. अक्षरं गोल, ठसठशीत, थोडी उजवीकडे झुकलेली. त्याने लगेच पाठवला.

सहावा कागद सरांनी हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचायला लागले. कुठे अडखळले नाहीत. मेघनाने पदराने डोळे टिपले. मी माझ्या प्रतीवर बोट ठेवून वाचत चालले होते. पानाची शेवटची ओळ होती, 'पाणी पुन्हा सपाट झालं.' सर वाचून गेले, "पाणी पुन्हा सपाट झालं, आणि मग कला किल्ल्याच्या अंगाला वर आली."

मला वाटलं, लेखक आहेत, वाचता वाचता भर घालताहेत.

सबंध कादंबरी त्या टाइपात लावून मी गठ्ठा नेऊन दिला. दुरुस्त्या टिपायला दर शनिवारी दुपारी जायचे. सहाशे अकराव्या पानापर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पुढे कलाच्या भावाचं शिक्षण, नोकरी, लग्न होतं. तेही सर बरोबर वाचायचे, पण मध्येच एखादं वाक्य यायचं जे छापलेलं नव्हतं. कला दुर्गाडी किल्ल्यापाशी केस पिळत उभी होती. मी विचारलं, कुठे आहे हे? सरांनी अचूक एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाखाली भावाचा मॅट्रिकचा निकाल होता.

डॉक्टरांनी मेघनाला सांगितलं की नजर जाताना मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरतो. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पुढच्या शनिवारी कला ठाण्याच्या वाटेवर, शीळफाट्याला होती. त्याच्या पुढच्या, मुंब्र्याच्या डोंगराखाली. मग कळव्याच्या पुलावर. तिथे तिने एका बाईला पत्ता विचारला.

सोमवारी मेघनाचा फोन आला. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणारी मालन कळव्याला राहते. शनिवारी सर वाचत असताना ती घरात नव्हती. तिने सहज सांगितलं होतं, त्याच दुपारी पुलावर एका पोरीने अडवून विचारलं, गोठणकरांचा श्रीपा कुठे राहतो? पोर एका हातात चप्पल धरून होती.

"बाबांना श्रीपा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही," मेघना म्हणाली. "मृणाल, तुम्ही तो टाइप बदला."

मी दुसरा मोठा, मोकळा टाइप घेतला, अक्षरांत अंतर वाढवलं आणि उरलेली पानं पुन्हा लावली. शनिवारी ती सरांच्या हातात दिली. त्यांनी चार ओळी मनातल्या मनात वाचल्या. ओठ हलताना दिसले.

"वाचता येतं," ते म्हणाले. "पण यात ती बुडालेलीच आहे."

आणि जुना गठ्ठा त्यांनी पुढे ओढला.

मी थांबवायला हवं होतं. पण बावीस वर्षं लिहून त्यांना जे समाधान मिळालं नव्हतं, ते त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मेघनाने उठून दाराची कडी लावली.

चार वाजले होते. ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलेलं. डेपोतल्या गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. वर पंखा जोरात फिरत होता.

सर वाचत होते. कला डेपोच्या फाटकातून आत आली. कला मागच्या भिंतीशी वळली. कला जिना चढली.

बाहेर जिन्यावर काहीच वाजलं नाही.

कडी जागची हलली नाही.

सरांनी वाचन थांबवलं. समोर रिकामी खुर्ची होती. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते, मेघना दारापाशी.

"घे ताई," ते म्हणाले. "पुढचं तू वाच."

त्यांनी पान खुर्चीच्या दिशेने पुढे केलं. क्षणभर तसंच धरलं. मग पान सोडून हात काढून घेतला.

टेबलावरची बाकीची पानं पंख्याने फडफडत होती.

ते पान खाली पडलं नाही. हललंही नाही.